मायलेज घसरते कुठे?

घोडबंदर रोड असो वा कल्याण-शीळ रस्ता, कोंडीत उभ्या असलेल्या छोट्या गाडीचे मायलेज शून्य असते. धूर मात्र सुरूच राहतो. म्हणून मायलेजचीही रक्तदाबासारखी नोंद ठेवावी. टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी टाकी पूर्ण भरताना जितके लिटर पेट्रोल लागले, त्याने मधल्या किलोमीटरना भागावे. आकडा सतत घसरत असेल तर आधी टायरमधील हवा तपासावी.

सर्वांत वाईट आकडा मिळतो तो घर ते स्टेशन अशा दीड किलोमीटरच्या फेरीत. थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते आणि धुरातील विषारी वायूंचे प्रमाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही. तो धूर रिक्षाच्या रांगेतील प्रवाशांच्या आणि शाळकरी मुलांच्या फुप्फुसांत जातो.

हे अंतर चालायला वीसेक मिनिटे लागतात. पेट्रोल वाचते, हृदयालाही व्यायाम मिळतो. मात्र डोंबिवलीकरांना ‘चाला’ असे सांगायचे, तर स्टेशनकडे जाणारे पदपथ आधी मोकळे हवेत. ते काम महापालिकेचे आहे.