परसांतील रोडगे

धानाची मळणी आटोपून नवी तूर घरांत येऊं लागली, कीं चंद्रपूर-गडचिरोलीकडे रोडग्यांच्या जेवणाचीं बोलणीं निघूं लागतात. 1982 पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. जेवणाची ही चाल अजूनहि एकच आहे. अमेरिकेंत सुटीच्या दिवशीं परसांत विस्तव करून मित्रांस जेवूं घालतात व त्यास ‘बार्बेक्यू’ म्हणतात. कॅरिबियन बेटांतील मूळचे रहिवासी मांस भाजण्यासाठीं लांकडाची चौकट उभारीत. तिचें नांव स्पॅनिश भाषेच्या द्वारें जगभर गेलें. आपल्या बेतास मांस नको आणि चौकटहि नको. गोवऱ्यांचा आर, जाडसर दळलेला गहूं आणि चार जिवलग माणसें असलीं म्हणजे झालें.

रवाळ कणकेंत तेलाचें मोहन, ओवा व मीठ घालून ती घट्ट मळावी. लहान पारीला तेल लावून ती मोठ्या पारींत गुंडाळीत जावें, म्हणजे रोडग्यास आंतून पदर सुटतात. गोवऱ्या पेटल्यावर लगेच भाजावयास बसूं नये. ज्वाळा निवून धूर संपूं द्यावा. मग आरावर रोडगे मांडून सर्व बाजूंनीं फिरवावे, व शेवटीं गरम राखेंत पुरून ठेवावे. बाहेरून भेगा पडल्या, कीं काढून फडक्यानें राख झटकावी आणि फोडून वर तूप सोडावें. तुरीचें वरण, वांग्याची भाजी आणि पळसाच्या पत्रावळी एवढा सरंजाम पुरे.

आतां आमची तक्रार. पाहुण्यांना आमंत्रणें पुरुषांनीं द्यावयाचीं, आणि पहांटेपासून कणीक, वरण, भाजी व वाढप हीं मात्र घरांतील स्त्रियांच्या वांट्यास, असा पुष्कळ घरांतला शिरस्ता आहे. रोडगा गरम आहे तोंवरच खुसखुशीत. गार झाला कीं दगड. जिनें पहांटे कणीक मळली तिच्याच पानांत सर्वांमागून हा दगड पडावा, हें आतिथ्य कसलें? एकनाथांच्या प्रसिद्ध भारुडांतील सासुरवाशीण भवानीस रोडगाच कबूल करते, आणि तोहि सासरचीं माणसें दूर व्हावींत म्हणून! नाथांचा रोख अध्यात्माकडे आहे हें खरें. परंतु त्या नवसाचें हंसूं ऐकणारास आपल्या घरची ओळख पटल्यावांचून येत नाहीं.

वास्तविक हें अन्न शेतांतलें व यात्रेंतलें. त्यास तवा लागत नाहीं, पोळपाट लागत नाहीं. शेतांत पुरुषमंडळीहि तें सहज भाजतात. मग तेंच परसांत आलें म्हणजे त्यांचे हात कां आंखडावे? आमचें सुचविणें असें : कणीक व भाजी आदल्या दिवशीं वांटून घ्यावी, विस्तव आणि वाढप सर्वस्वीं पुरुषांकडे असावें, पत्रावळी मांडणें व पाणी देणें हें मुलांकडे. पहिल्या पंक्तीस पाहुण्या बायकांबरोबर घरच्या सासवा, सुना, लेकी आणि भांडींधुणीं करणारी बाईहि बसावी.

विस्तव राखणें हें कांहीं हलकें काम नव्हे. इकडे माघ-फाल्गुनांत सागाचीं पानें गळून रान वाळत जातें. एका ठिणगीनें वणवा लागतो. राखीव जंगलांत विस्तव करणें 1927 च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे, म्हणून वनभोजनाच्या हौसेनें तेथें चूल मांडूं नये. परसांतहि पाचोळा झाडून घ्यावा, गवताच्या गंजीपासून व छपरापासून दूर जागा निवडावी, पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवाव्या. गांव रानालगत असेल तर दिवसाउजेडीं जेवणें उरकावीं. या मुलखांत वाघ गांवाच्या शिवेपर्यंत येतो. पाहुणे गेल्यावर यजमानानें स्वतः राख उकरून तींत पाणी ओतावें आणि हात लावून ती गार झाल्याची खात्री करावी.

एवढें काम अंगावर पडल्यावर यजमानास गप्पांना फुरसत मिळणार नाहीं, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. आर तयार व्हावयास बराच वेळ लागतो, आणि त्याभोंवतीं बसूनच खऱ्या गप्पा होतात. त्या गप्पांना यंदा घरांतल्या बायकाहि असूं द्या.