सातपुड्याचे दोन भूप्रदेश

विकास मंडळांच्या पुनर्रचनेचा विषय या आठवड्यात पुन्हा चर्चेला आला, आणि त्या चर्चेने नेहमीप्रमाणे विदर्भ आणि मराठवाडा यांच्यापलीकडे पाऊल टाकले नाही. तिन्ही मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ‘उर्वरित महाराष्ट्र’ या तिसऱ्या मंडळाचा उल्लेख यादी पूर्ण करण्यापुरताच होतो. कोकण, पुणे, सांगली, कोल्हापूर आणि नाशिक यांच्याबरोबर नंदुरबारही त्याच नावाखाली मोडतो, याची आठवण नंदुरबारच्या आमदारांखेरीज फारसे कोणी ठेवत नाही. ही तक्रार या स्तंभाच्या वाचकांना नवी नाही आणि ती मागे घ्यावी असे या आठवड्यातही काही घडलेले नाही.

राज्याच्या उत्तर टोकावरचा आमदार सभागृहात उभा राहतो तेव्हा त्याचे प्रश्न बहुधा तीनच असतात: पाड्यावरची शाळा, अपुरे राहिलेले घरकुल आणि आदिवासी विकासाचा निधी. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे तोंडी उत्तर मंत्र्याने सभागृहात द्यावयाचे असते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न, हे त्याचे मुख्य साधन असते. परंतु त्याला मिळणारे उत्तर बहुधा राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या एकूण आकड्यांत असते, आणि त्या आकड्यांत त्याचा तालुका शोधूनही सापडत नाही.

सातपुड्याच्या रांगेतील दोन भूप्रदेश शेजारी ठेवून पाहिले तर हा दोष कोठून येतो ते स्पष्ट होते. पश्चिमेला नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुका आहे, ज्याचे मुख्य ठिकाण धडगाव. पूर्वेला अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, म्हणजे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. अक्राणीत पावरा आणि भिल्ल आदिवासी, मेळघाटात कोरकू. दोन्हीकडे डोंगरउतारावर विखुरलेली वस्ती, कोरडवाहू शेती, हंगामी स्थलांतर आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. पर्वत एक, दैन्य एक, राज्य एक. तरीही राज्यघटनेच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रदेश आहेत, कारण विकास मंडळांचा आधार असलेल्या अनुच्छेद 371(2) ने राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवताना महाराष्ट्राचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग कल्पिले आणि विकासखर्चाचे न्याय्य वाटप या तीन भागांमध्ये व्हावे असे म्हटले. मेळघाट विदर्भात पडला, अक्राणी उर्वरितात.

या विभागणीचा परिणाम विधानसभेतील संख्याबळातही दिसतो. मेळघाटचा आमदार विदर्भाच्या 62 सदस्यांपैकी एक असतो आणि ‘विदर्भावर अन्याय’ ही मागणी हे बासष्ट जण पक्षभेद विसरून करू शकतात, किंबहुना अनेकदा करतात. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते आणि तेथे विदर्भाच्या प्रश्नांना वेळ द्यावा लागतो. विदर्भाचे 62 आणि मराठवाड्याचे 46 सदस्य वजा केले की 288 पैकी 180 उरतात; त्यांत नंदुरबारचे चार, आणि धुळे व जळगाव धरून सारा खानदेश वीस. या एकशे ऐंशींना एकत्र बांधणारी समान तक्रार असूच शकत नाही, कारण त्यांच्यातील मोठ्या गटाला त्या तक्रारीची गरजच नाही. अक्राणीचा प्रतिनिधी ज्यांच्या बाजूने उभा राहतो असे कागदावर मानले जाते, त्यांच्याशीच त्याला निधीसाठी स्पर्धा करावी लागते.

साक्षरतेचे आकडे हेच चित्र उलट्या बाजूने दाखवतात. 2011 च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची साक्षरता सुमारे 87 टक्के होती आणि नंदुरबारची सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. मेळघाट आपल्या जिल्ह्याच्या सरासरीखाली झाकला जातो, पण प्रदेशाच्या राजकारणात तो दिसतो. नंदुरबार जिल्ह्यांच्या यादीत ठळकपणे तळाशी दिसतो, पण प्रदेशाच्या हिशेबात तो नाहीसा होतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, ती अशी की विदर्भाच्या मंडळाने मेळघाटचे भले केले असा दावा कोणालाही करता येणार नाही. 1994 मध्ये मंडळे स्थापन झाली, आणि त्यानंतरही मेळघाटातील बालमृत्यूंसाठी उच्च न्यायालयाचे दार वारंवार ठोठावावे लागले. तेव्हा खानदेशाला चौथे मंडळ द्या, एवढीच मागणी करून थांबणाऱ्यांशी या स्तंभाचे जुने मतभेद कायम आहेत. ज्या मापाने तूट मोजली जाते ते मापच मोठे आहे.

हे माप 1984 चे आहे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने त्या वर्षी राज्याचा अनुशेष मोजला. अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्याला त्या सरासरीपर्यंत आणण्यासाठी लागणारा खर्च. समितीने 3,186.78 कोटी रुपयांचा अनुशेष काढला आणि त्यातील 37 टक्क्यांहून थोडा अधिक उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याला आला, ही वस्तुस्थिती विदर्भवादी वक्ते सहसा सांगत नाहीत. समितीचे काम अभ्यासपूर्ण होते आणि त्याविषयी आदर बाळगूनच दोन गोष्टी म्हणाव्या लागतात. तिने जिल्हा हे एकक धरले, आणि त्या वेळी अक्राणी धुळे जिल्ह्यात होता, कारण नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे तापीकाठच्या सुपीक गावांची सरासरी डोंगरालाही लागू झाली. दुसरे असे की समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रे मोजली, त्यांत घर नव्हते. अनुच्छेद 371(2) मध्येही शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण यांपुरता आहे. प्राथमिक शाळेचे आणि निवाऱ्याचे नाव तेथे नाही. उत्तरेचा आमदार ज्या गोष्टी मागतो त्यांतील दोन मोठ्या गोष्टी अशा रीतीने घटनात्मक हिशेबाच्या कडेवर किंवा बाहेर राहतात.

शाळेचा प्रश्न त्यांतील अधिक तातडीचा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये शालेय शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूहशाळांत रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागवले. समूहशाळा म्हणजे आसपासच्या लहान शाळा बंद करून त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेली एक मोठी शाळा. अशा लहान शाळा राज्यात 14,783 होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकत होती. आदर्श म्हणून पुढे ठेवलेल्या दोन समूहशाळांपैकी एक पुणे जिल्ह्यातील पानशेतची आणि दुसरी अक्राणीतीलच तोरणमाळची निवासी शाळा होती. तोरणमाळला चांगली इमारत आणि पुरेसे शिक्षक मिळाले असतील तर ते स्वागतार्हच आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा देण्याचे बंधन घातले असताना सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडून वसतिगृहात ठेवणे हा नियम होता कामा नये. डोंगरातील पट कमी असतो कारण पाडा लहान असतो. त्याला शिक्षणाविषयीची अनास्था समजणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

घरकुलाबाबत थोडक्यात एवढेच की प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार आणि डोंगरी व दुर्गम भागासाठी 1 लाख 30 हजार रुपये अशी मूळ मदत ठरवली गेली. सिमेंट आणि वाळू घाट चढवून नेण्याचा सारा भार या दहा हजारांच्या फरकात बसतो असे मानणे बांधकामाचा व्यवहार माहीत असलेल्या कोणालाही पटणार नाही.

राहिला निधी. सुकथनकर समितीने 1990 च्या दशकाच्या आरंभी आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, नियोजन निधी बाजूला काढून त्याचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडेच सोपवण्याची शिफारस केली आणि 1993-94 पासून ती अमलात आली. हा महाराष्ट्राच्या प्रशासनातील खरोखरच पुरोगामी निर्णय होता. 2015 मध्ये पेसा कायद्याखालील, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील स्वशासनाच्या कायद्याखालील, ग्रामपंचायतींना त्या निधीचा पाच टक्के वाटा थेट देण्याचे ठरले. पैसा गावापर्यंत थेट पोहोचवता येतो हे त्या निर्णयाने मान्य केले आहे. मग तो पैसा कोणत्या तालुक्यात किती पोहोचला याचा तक्ता दरवर्षी सभागृहापुढे का ठेवला जात नाही, हा प्रश्न या स्तंभाने अनेकदा विचारला आहे. नंदुरबार ज्यात येतो त्या नाशिक विभागाच्या एकत्रित आकड्यांत बागायती नाशिक आणि साखरपट्ट्यातील अहिल्यानगर यांची समृद्धी नंदुरबारची तूट बुजवून टाकते, अशी या स्तंभाची धारणा आहे. तिचा पूर्ण पुरावा तालुकावार खर्च प्रसिद्ध झाल्यावरच मिळेल, आणि तोपर्यंत ती धारणा सोडण्याचेही कारण नाही.

मंडळांच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद अनुच्छेद 371(2) मध्ये आधीच आहे. मंडळे पुन्हा नेमताना राज्यपालांनी त्या अहवालात तालुका हे एकक करावे, नऊ क्षेत्रांत निवाऱ्याची भर घालावी आणि मेळघाट व अक्राणी यांचे आकडे एकाच पानावर छापण्याचा आदेश द्यावा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, आणि नंदुरबारच्या चार आमदारांनी मेळघाटच्या आमदारासह ही मागणी एकत्रितपणे मांडण्यास कोणत्याही पक्षाची आडकाठी असण्याचे कारण नाही.