गाणे फुकट, पण सवड कुणाला?

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रात ‘दिवाळी पहाट’च्या जाहिराती झळकू लागतात. पहाटे साडेपाच, प्रवेश विनामूल्य. पुण्याच्या सारसबागेसारखे आता आपल्या छत्रपती संभाजीनगरातही हे कार्यक्रम चांगले रुळले आहेत. तिकीट नाही, लांबचा प्रवास नाही. पण तिथे मधल्या वयाच्या आपण किती जणी दिसतो? आपण त्या वेळी उटणे कालवत असतो, नाहीतर फराळाची ताटे मांडत!

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत नाताळच्या दिवसांत कचेऱ्यांच्या इमारतीत, खालच्या दालनातच, दुपारच्या सुट्टीत फुकट गाणी होतात. डबा खायचा, खाली उतरायचे, अर्धा-पाऊण तास ऐकून पुन्हा कामाला. ऐकणाऱ्याची सवड आधी बघितलेली. आपल्याकडे मात्र गृहिणीची नेमकी धावपळीची घटका धरलेली.

अर्थात पहाटेला कारण आहे. संत एकनाथ रंगमंदिर काय किंवा तापडिया नाट्यमंदिर काय, एरवी मैफली बहुधा संध्याकाळच्याच. यमन, मारवा कानावर पडतात. पण दोन मध्यमांचा ललत समोर बसून ऐकायचा योग क्वचितच. त्यासाठी एकदा तरी जावेच. (हल्ली पुष्कळ ठिकाणी पहाटेही सिनेमाचीच गाणी असतात आणि पडद्यावर गायिकेपेक्षा प्रायोजकाचे नाव मोठे. तेव्हा जाहिरात नीट वाचून मगच झोप मोडा!)

नरक चतुर्दशीचा हट्ट धरू नका. सूर्योदयाआधी सगळ्यांची अभ्यंगस्नाने, घरातून पाय निघत नाही. वसुबारस किंवा धनत्रयोदशीची पहाट त्यातल्या त्यात मोकळी. पाडव्याची ओवाळणी आधीच मागून ठेवा: साडी नको, एक पहाट द्या. आदल्या रात्री उपम्याचा रवा भाजून ठेवावा. दूध तापवणे आणि मुलांना उठवणे घरच्या पुरुषमाणसाकडे. “जमेल का हो?” असे विचारू नका, “उद्या दूध तुमच्याकडे,” एवढेच सांगा. सासूबाईंना बरोबरच न्या. त्यांनाही नाट्यगीते आवडतात, आणि त्या सोबत असल्या की मागे कुरकुर होत नाही.

मोफत प्रवेशिका असल्या तर दोन-तीन दिवस आधीच आणाव्या. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या असतात, म्हणून अर्धा तास लवकर पोचावे. उघड्यावर कार्यक्रम असेल तर शाल आणि जाड सतरंजी हवी. गवत दवाने ओले असते.

पण मला खरे म्हणायचे आहे ते वेगळेच. सकाळचे राग पहाटेबरोबर संपत नाहीत. तोडी, आसावरी, जौनपुरी तर दिवस वर आल्यावरचे. दुपारी वृंदावनी सारंग, पुढे भीमपलास. संध्याकाळच्या मैफलीत या रागांना जागा नाही, पहाटेच्याही नाही. दिवाळीतल्या एखाद्या दुपारी, जेवणे आटोपल्यावर, तीन ते पाच अशी भीमपलासाची मैफल ठेवली तर आपल्या किती जणी येतील! आयोजक मंडळी कलाकार आधीच ठरवून मोकळी होतात. तेव्हा चार जणींनी मिळून गणपतीच्या सुमारासच त्यांना पत्र द्यावे, आणि खाली सगळ्यांनी सह्या कराव्यात.