दहापैकी दहा द्या ना, सर!

‘सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह कापतात.’

बाइक सर्व्हिसिंगला टाकणाऱ्या बहुतेकांना हा डायलॉग पाठ झालाय. हातात किल्ली येते, गाडी चकाचक धुतलेली असते, टायरला पॉलिश मारलेलं असतं, आणि समोरचा पोरगा इतक्या काकुळतीने बघत असतो की आपण ‘देतो रे’ म्हणून मोकळे होतो. दहा मार्क कशाचे? एसी वेटिंग रूमचे? मशीनच्या कॉफीचे? की टीव्हीवर पंचवीस वेळा लागलेल्या त्याच बाइकच्या जाहिरातीचे?

या आठवड्यात जरा याच दहा मार्कांबद्दल बोलू या. कारण पुण्यात राहायचं आणि बाइकबद्दल बोलायचं नाही म्हणजे कोल्हापुरात राहून रस्सा न चाखण्यासारखं आहे.

आपल्या बाबांच्या पिढीला हे टेन्शन नव्हतं. कोपऱ्यावर एक गॅरेज असायचं, तिथला मेस्त्री नुसता आवाज ऐकून सांगायचा, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, या अर्ध्या तासाने.’ नाही पटला तर पुढच्या चौकात दुसरा होताच. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या सक्तीच्या झाल्या आणि बहुतेक बाइक्समधून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. त्याच्या आधीच, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइक्सना एबीएस बंधनकारक झालं होतं. आता मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय नक्की काय झालंय ते कळत नाही, आणि हा स्कॅनर कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे असेलच असं नाही. म्हणजे काय, तर आपण आपल्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरशी बऱ्यापैकी बांधले गेलोय. ‘तू नहीं तो और सही’ म्हणायची सोय कमी झाली. म्हणून तिथे काउंटरपलीकडे कोण बसलंय याला महत्त्व आलं.

मी दोन वर्षांपासून घराजवळचं सेंटर सोडून मुद्दाम लांबच्या एका सेंटरला जातो. ऑफिसमधले हसतात. तिथे कॉफी मशीन नाही, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. पण तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायजरचा फंडा वेगळा आहे. तो काउंटरमागून उठून गाडीपाशी येतो. गेल्या वेळी मी सांगितलं, पुढच्या ब्रेकमधून आवाज येतोय. एरवी जॉब कार्डावर ‘ब्रेक नॉइज’ असं खरडून पुढचा नंबर पुकारला जातो. या पठ्ठ्याने विचारलं, ‘रोज कुठून कुठे?’ धायरी ते हिंजवडी. ‘मागे कोणी असतं? आवाज सुरुवातीपासून, की गाडी तापल्यावर?’ मग मला मागे बसवून स्वतः एक राउंड मारला. आणि कार्डावर जवळजवळ माझ्याच शब्दांत लिहिलं: पुढचा ब्रेक, कमी स्पीडला, थांबता थांबता करकर.

दुपारी अडीचला फोन. ‘सर, पुढचे पॅड काढून बघितले. भरपूर जाडी आहे, नुसती धूळ बसली होती. साफ केले, बदलायची गरज नाही. पण मागचे संपलेत. एक तर पार पत्र्याला आलाय. साडेचारशेचे पॅड, दीडशे मजुरी. टाकू का?’

आता गंमत बघा. ज्याची तक्रार होती तिथे त्याने खर्च नको म्हणून सांगितलं. आणि जिथून चूं की चां नव्हतं, तिथला खरा धोका शोधला. त्या रविवारी आम्ही दोघं ताम्हिणी घाटातून माणगावला जाणार होतो. उतार, वळणं, वर पाऊस. बाकी तुम्ही समजून घ्या.

संध्याकाळी जुने पॅड एका पिशवीत घालून समोर ठेवले होते. मी विचारलं, एकच जास्त कसा झिजला? तर त्याने सरळ आतून मेकॅनिकलाच बोलावलं. हात काळे, जरा बुजलेला. पण पॅड हातात घेतल्यावर खुलला. ‘कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ना, ती सुकली होती. मग तो अडकतो आणि एकच पॅड घासत राहतो. साफ करून ग्रीस लावलंय.’ पॅडवरची खाच दाखवून म्हणाला, ‘ही बुजत आली की बदलायचे.’ दोन मिनिटांचं काम, पण माझ्या गाडीला नक्की कोणाचे हात लागतात ते मला पहिल्यांदा दिसलं. बहुतेक ठिकाणी मध्ये काच असते राव, आणि काचेपलीकडच्या माणसाशी बोलायची सोय नसते.

उलट किस्से तुमच्याकडेही असतीलच. आमच्या टीममधल्या एकाची बाइक जेमतेम तीन हजार किलोमीटर चाललेली, ‘फ्री’ सर्व्हिसला दिली. बिलात इंजिन फ्लश आणि बॉडी कोटिंग. विचारलं कोणी? कोणीच नाही. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑइलबिइलचे पैसे द्यावेच लागतात, इथवर ठीक. पण हे कोटिंग कुठून उगवलं? काउंटरवरच्या पोरालाही नुसतं दोष देऊन भागत नाही. असल्या बाटल्या खपवायचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं, जसं आपल्या डोक्यावर क्वार्टर एंडचं. त्याला ‘नको’ म्हणायला सोपा उपाय आहे. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल उघडा, त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. त्यात जे नाही ते कशासाठी, एवढं विचारा. मात्र त्यात ब्रेक फ्लुइड असेल तर कंजुषी करू नका. ते हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून गाडी कमी चालली तरी ठरावीक काळाने बदलावंच लागतं.

गाडी टाकतानाच एस्टिमेट लिहून घ्या आणि ‘वरचं काम फोन केल्याशिवाय नाही’ हेही कार्डावर लिहायला लावा. पैसे देऊन बदललेले जुने पार्ट मागा (वॉरंटीतले सहसा कंपनीकडे परत जातात, त्यावरून वाद नको). आणि पक्कं बिल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. अगदीच कोणी ऐकेना तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्या दहा मार्कांचं म्हणाल, तर मी त्या फोनवर हल्ली मेकॅनिकचं नाव सांगतो. पलीकडची मुलगी दर वेळी गोंधळते. तिच्या स्क्रीनवर तसा रकाना नसावा बहुतेक. तरी मी स्पेलिंगसकट सांगतो.

आणि हो, नवे पॅड टाकले असतील तर ते डिस्कवर नीट बसायला थोडे किलोमीटर लागतात. गाडी ताब्यात घेतल्यावर मोकळ्या रस्त्यावर सावकाश चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा. घाट त्याच संध्याकाळी नको.