खोदकाम कुठे थांबवायचे

कामामागची दृष्टी स्पष्ट आहे की नाही, हे प्रमुखाच्या भाषणावरून कळत नाही. कामावरचा शेवटचा माणूस कोणाला न विचारता पुढचे ठरवू शकतो का, यावरून कळते. दोंडाईचात पथारीवर मिरची निवडणाऱ्या बाईला कुठला नग बाजूला टाकायचा, हे मुकादमाला विचारावे लागत नाही. माल कसा हवा, हे तिला ठाऊक असते. मोठ्या कामात ही गोष्ट दुर्मीळ होत जाते. तापी ओलांडली की लागणाऱ्या शिरपूर तालुक्यात ती एकदा जमली.

शिरपूरचे पाण्याचे काम २००४ मध्ये सुरू झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी ते आखले. शिरपूरचे तेव्हाचे आमदार अमरिशभाई पटेल आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी यांनी त्यामागे बळ उभे केले. तोवर तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी शेकडो फूट खाली गेले होते. दुष्काळ हटवणे, शेतकरी सुखी करणे अशी उद्दिष्टे लिहायला सोपी असतात. पण यंत्रावर बसलेल्या माणसाला त्यांतून काहीच कळत नाही. खानापूरकरांनी प्रश्न बारीक केला : पडलेला पाऊस जमिनीत मुरत का नाही?

उत्तर थरांत होते. गाळाच्या पट्ट्यात वर चिकण मातीचा जाड थर असतो. तो पाणी खाली सोडत नाही. पाणी धरणारी वाळू त्याच्याखाली असते. सातपुड्याच्या बाजूला काळा पाषाण, त्यामुळे तिथला हिशेब वेगळा. म्हणून नाला वीस-तीस मीटर रुंद करायचा, दहा-पंधरा मीटरपर्यंत खोल न्यायचा आणि टप्प्याटप्प्याने सिमेंटचे बंधारे घालायचे. किती खोल, याचे उत्तर फुटपट्टीपेक्षा मातीतच जास्त सापडते. पोकलेनच्या बकेटमध्ये चिकण ढेकळे येत आहेत तोवर काम बाकी. वाळू खरखरू लागली, किंवा खाली कठीण खडक लागला, की थांबायचे.

बंधाऱ्यांना दरवाजे ठेवले नाहीत, सांडवाही नाही. भरला की पाणी वरून वाहून पुढच्या बंधाऱ्यात जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे दारांच्या फळ्या, वेळेवर न बसणे, बसले तर चोरीला जाणे हे दुखणे खेड्यात सर्वांना माहीत आहे. दारच नाही म्हटल्यावर राखणदार, किल्ली आणि भांडण तिन्ही गेले. पाणी नाल्याच्या पात्रातच राहते, त्यामुळे कोणाचे शेत बुडत नाही आणि भूसंपादनाचा प्रश्न येत नाही. ‘पाणी मुरवायचे’ एवढे एकदा पक्के झाल्यावर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटले.

नक्कल होते तेव्हा नेमके हेच निसटते. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान आले आणि नाला खोलीकरणाची कामे गावोगाव निघाली. खाली कुठला थर आहे हे न पाहता पात्रे उकरली जात असल्याचा आक्षेप जाणकारांनी घेतला, अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांची याचिका उच्च न्यायालयात गेली. शिरपुरात खोली हे साधन होते. पुष्कळ ठिकाणी तेच उद्दिष्ट झाले, कारण खोली मोजता येते आणि तिचे बिल निघते.

यंत्र आणि पैसा नसला तरी दृष्टी स्पष्ट ठेवता येते, याचा दाखला त्याच धुळे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात आहे. चैत्राम पवार यांनी १९९० च्या दशकात गावाला सोबत घेऊन उजाड डोंगर राखायला सुरुवात केली. आज राखलेले जंगल चारशे हेक्टरांहून अधिक आहे. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. पाड्यावरचे नियम गावानेच केले : कुऱ्हाड चालवायची नाही, तोडणाऱ्याला दंड, राखण गावाचीच. पर्यावरण हा शब्द न उच्चारता ते कोणालाही सांगता येतात, आणि मोडले तर कोणालाही दिसते. २००४ पासून तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. रान किती वाढले, हे भाजी घेऊन येणाऱ्या बाईला हेक्टरात मोजावे लागत नाही. कुठली भाजी आता घराजवळच मिळते, ते ती सांगू शकते.