लांबलेल्या स्वराचा हक्क

दिवाळी सरली की वैनगंगेच्या या खोऱ्यात मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि तुमसर तहसिलीच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीलगत वसलेल्या मौजे बपेऱ्यापासून थेट साकोलीपर्यंतचा मुलूख दंडार, खडी गंमत व झाडीपट्टीच्या नाटकांनी रात्र रात्र जागतो. या रंगमंचांवर गायकाने गीताच्या अखेरीस एखादा स्वर धरावा आणि तो स्थिरावण्यापूर्वीच ध्वनियंत्रावर बसलेल्या इसमाने त्यावर ‘इको’चे पूट चढवावे, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध जाहीर तक्रार गुदरणे मला कर्तव्य वाटते.

दीर्घ स्वर ही केवळ फुप्फुसांची करामत नव्हे. श्वास बाहेर पडत असताना बरगड्या एकदम मिटू न देता, स्वररज्जूंखालचा हवेचा दाब अखेरपर्यंत सारखा राखावा लागतो. तो घटला की स्वर उतरू लागतो, अकारण वाढला की ताणला जातो. १९८० साली ‘एअर सप्लाय’ या ऑस्ट्रेलियन वाद्यवृंदाच्या ‘ऑल आउट ऑफ लव्ह’ या विरहगीताच्या शेवटी रसेल हिचकॉक यांनी सुमारे १६ सेकंद एकच स्वर धरला, तो जगभर वाखाणला गेला. आणि त्यात विरहाचे सारे आर्जव शब्द संपल्यानंतरच प्रकट होते, असे माझे मत आहे. आपल्याकडे मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत असताना, त्या तुटपुंज्या अवकाशातही तानांची आतषबाजी करण्याऐवजी स्वरावर विसावण्यास वेळ दिला, आणि त्यांच्या किराणा घराण्याची ही स्वरनिष्ठा हीराबाई बडोदेकर व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत अखंड वाहत आली.

‘इको’ने लांबी मिळते, हे खरे, परंतु ती उसनी असते. श्वास संपत आल्याची जी सूक्ष्म थरथर श्रोत्याचे काळीज हलविते, तीच तो पुसून टाकतो, आणि कसलेला गळा व कच्चा गळा यांतील भेद नाहीसा करून कष्टाळू कलावंतावर उघड अन्याय करतो. सबब बपेऱ्याच्या व आसपासच्या मंडई-मंडळांनी नाटक कंपनीशी करार करतानाच कलमबंद करावे की पदाच्या अंतिम स्वरावर यंत्राचा हस्तक्षेप होणार नाही, आणि त्या वेळी ऑर्गन व तबलाही दबूनच वाजतील. यास जादा खर्च पडत नाही. यंत्रावरील एक खटका तेवढा बंद ठेवावा लागतो.