काम हवं, पण पगार नको!

"संस्थांनी आता काळाप्रमाणे बदललं पाहिजे." हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या बैठकांमध्ये ऐकलंय की पाठ झालंय. बोलणारा बहुतेक वेळा पैसे देणारा असतो आणि मान डोलावणारा पैसे मागणारा. म्हणून आज जरा स्पष्टच लिहितो.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळतो. संस्था बदलल्यात हो! पावतीपुस्तकासोबत क्यूआर कोड आला. देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर खात्याकडे भरतो. सीएसआरसाठी वेगळी नोंदणी केली. कार्यकर्ती वस्तीवर गेली की आधी जीपीएसचा शिक्का असलेला फोटो, मग काम. आणखी काय बदलायचं?

बदलला नाही तो पैसे देणारा.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. चांगलंच झालं. पण आमच्यापर्यंत हा पैसा येतो तो वस्तूंसाठी. टॅब घ्या, बाकं घ्या, पाण्याचं यंत्र बसवा आणि त्यावर आमचा लोगो लावा. त्या टॅबवर शिकवणाऱ्या ताईंचा पगार? "तो तुमचा आस्थापना खर्च, तुम्ही बघा." मार्चमध्ये पैसे संपवायची घाई, मग पुढचा करार होईपर्यंत शुकशुकाट. कुपोषित मूल काही आर्थिक वर्ष बघून आजारी पडत नाही.

परदेशी देणग्यांचंही तेच. २०२० च्या दुरुस्तीने अशा पैशातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. शिवाय एका संस्थेने तो पैसा दुसरीला द्यायलाच बंदी. सरकार म्हणतं, गैरवापर रोखायचाय. रोखा ना! पण आडगावातल्या ज्या संस्थेला शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फतच मदत मिळायची, तिचा रस्ता बंद झाला, त्याचं काय?

आणि आपण मध्यमवर्गीय? नव्या कररचनेत ८० जीची वजावट नाही. २०२३-२४ पासून वेगळं काही निवडलं नाही तर तीच कररचना लागू होते. तेव्हापासून "वजावट मिळत नाही, मग यंदा राहू दे" हे उत्तर मी ऐकतोय. म्हणजे दान होतं की करनियोजन?

"संस्थावाले पैसे खातात" अशी कॉमेंट येणारच, म्हणून आधीच सांगतो. खाणारे आहेत. त्यांच्यासाठी धर्मादाय आयुक्त आहेत, लेखापरीक्षण आहे. ताळेबंद मागा, वाचा, प्रश्न विचारा. पण कार्यकर्तीला कमी पगार देणं म्हणजे प्रामाणिकपणा, हे गणित कुठून आलं? तुमच्या कंपनीत हिशेबनीस, भाडं, वीजबिल हा 'वायफळ खर्च' असतो का?

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते पैसे गेले कशात? धान्यात. म्हणजे रोजच्या खर्चात. आजच्या प्रस्तावात हाच रकाना सगळ्यात आधी कापतात, आणि त्याच सभागृहात लक्ष्मीबाईंच्या त्यागावर भाषणंही होतात.

कंपन्यांना एवढंच सांगणं आहे: सीएसआरचे नियम अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पांना परवानगी देतात. ती वापरा. तीन वर्षांचा करार करा आणि त्यात माणसांचे पगार धरा.

आणि तुम्हाला-मला: वाढदिवसाला एकदाच पंगत घालून फोटो टाकण्यापेक्षा, ओळखीच्या एका संस्थेला दरमहा ३०० रुपये द्या. "कशावर खर्च करायचे" हे त्यांना ठरवू द्या. वर्षाअखेरीस हिशेब जरूर मागा, हक्काने मागा. शंभर जणांनी हे केलं तर महिन्याचे ३० हजार होतात. त्यात छोट्या संस्थेतल्या दोन कार्यकर्त्या टिकतात.

काम माणसं करतात, टॅब नाही. पटत नसेल तर खुशाल भांडा, पण आधी या महिन्याचे ३०० पाठवून या.